सहा चॅनल, पण कोणते?

दादर स्थानकाच्या फलाटावरचं एक दृश्य धरू. दोन पात्रांचं बोलणं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, गाडीची उद्घोषणा मागच्या डाव्या कोपऱ्यातून, लोकलची धडधड सबवूफरमधून. अंधेरीतल्या एखाद्या स्टुडिओत नीट मिक्स केलेली ही ५.१ फाइल (पाच चॅनल आणि खोल आवाजाचा एक, असे सहा) दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर कधी कधी संवाद उजव्या स्पीकरमधून येऊ लागतात. उद्घोषणेचा एक शब्द कळत नाही, सबवूफरमधून तिचा नुसता घुमारा येतो. फाइल खराब झालेली नसते. फक्त चॅनलचा क्रम चुकीचा वाचला गेलेला असतो.

सिनेमाच्या मिक्सिंगमध्ये रूढ क्रम आहे डावा, मधला, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड आणि शेवटी एलएफई, म्हणजे खोल आवाजाचा स्वतंत्र चॅनल. वेव्ह फाइलचा क्रम आहे डावा, उजवा, मधला, एलएफई, डावा सराउंड, उजवा सराउंड. पहिल्या पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने वाचलं, तर सहापैकी एकटा डावा चॅनल आपल्या जागी राहतो.

हीच फाइल मोबाइलवर आली की नुकसान वाढतं. स्टीरिओ करताना डाव्या कानासाठी डावा चॅनल पूर्ण घेतात, त्यात मधला आणि डावा सराउंड प्रत्येकी ०.७०७ पट मिसळतात. उजव्याचंही तसंच. एलएफई सहसा गाळतात. आता क्रम चुकलेला असेल, तर एलएफई समजून गाळली जाते ती आपली उद्घोषणा, आणि संवाद जातात फक्त उजव्या कानात. लोकलच्या गर्दीत डाव्या कानात एकच इअरफोन घालून बघणाऱ्याला एकही संवाद ऐकू येत नाही.

हे टाळायचं, तर ऑडिओ लायब्ररीच्या (आवाज हाताळणाऱ्या तयार कोडच्या) एपीआयमध्ये चॅनलची मांडणी नेमकी सांगण्याची सोय हवी. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची ठरवून दिलेली भाषा. त्या भाषेत नुसतं ‘चॅनल = ६’ एवढंच सांगता येत असेल, तर पुढचा प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या समजुतीने अंदाज बांधतो.

पुढची पायरी बिटमास्कची. प्रत्येक जागेला एक बिट: डावा १, उजवा २, मधला ४, एलएफई ८, मागचा डावा १६, मागचा उजवा ३२. बेरीज ६३ आली की ५.१. एका आकड्यात सगळं मावतं, तुलना झटपट होते, म्हणून ही पद्धत वर्षानुवर्षं टिकली. पण बाजूच्या स्पीकरांना वेगळे बिट आहेत, ५१२ आणि १०२४. त्यामुळे मागच्यांऐवजी बाजूचे घेतले की तीच ५.१ मांडणी १५५१ होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर आहेत, म्हणजे ना धड बाजूला ना धड मागे. सहा चॅनलमध्ये ६३ आणि १५५१ एकच मानले तर व्यवहारात फारसं बिघडत नाही. ७.१ मध्ये मात्र बाजूचे आणि मागचे दोन्ही असतात, तिथे ही सवलत देता येत नाही.

मास्कची खरी अडचण अशी की कोणत्या जागा आहेत ते तो सांगतो, पण क्रम बिटांच्या चढत्या ओळीनेच धरावा लागतो. वेगळा क्रम, किंवा एकाच जागेचे दोन चॅनल, त्यात लिहिताच येत नाहीत. अ‍ॅपलच्या कोअर ऑडिओ या ध्वनी-प्रणालीने क्रमांनाच नंबर दिले. ५.१ च्या चार क्रमांना १२१ ते १२४ हे चार टॅग आहेत, आणि टॅगच्या खालच्या १६ बिटांत चॅनलची संख्या बसवलेली आहे. यादीत नसलेल्या मांडणीसाठी प्रत्येक चॅनलचं स्वतंत्र वर्णन देण्याची सोयही आहे.

ऑडिओ-व्हिडिओ फाइली हाताळणाऱ्या एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरने जुलै २०२२ मध्ये आवृत्ती ५.१ मध्ये (हा आवृत्तीचा आकडा, मांडणीचा नव्हे) मास्क एका रचनेत गुंडाळला. तिच्यात आधी प्रकार सांगायचा: अनिर्दिष्ट, ठराविक क्रमाची, हवी तशी जुळवलेली, किंवा सगळ्या दिशांचा आवाज टिपणारी अ‍ॅम्बिसॉनिक. यातला ‘अनिर्दिष्ट’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. सहा मोनो फाइली नावांशिवाय हातात आल्या, तर ‘सहा आहेत, जागा माहीत नाहीत’ असं प्रामाणिकपणे लिहिता आलं पाहिजे. तुलनेच्या फंक्शनलाही ‘सारख्या’ आणि ‘वेगळ्या’ यांच्या जोडीला ‘सांगता येत नाही’ हे तिसरं उत्तर हवं.

अ‍ॅम्बिसॉनिकला वेगळा प्रकार का? कारण तिथे चॅनल म्हणजे स्पीकर नव्हेच. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या दिवशी पहिल्या श्रेणीच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण केलं तर चार चॅनल मिळतात: एक चहूबाजूंचा, बाकीचे तीन पुढे-मागे, डावं-उजवं आणि वर-खाली या अक्षांचे. दुसऱ्या श्रेणीला नऊ, तिसरीला सोळा. या चारांना चार कोपऱ्यांतले स्पीकर समजलं की दिशांचा पार चिखल होतो. इथेही दोन क्रम आहेत. जुना डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. नवा डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. जुनं नव्यासारखं वाचलं, तर समोरचा ढोल डावीकडून वाजतो आणि डावीकडची गर्दी डोक्यावरून ओरडते. म्हणून श्रेणी, क्रम आणि पातळीचं प्रमाण (कोणता चॅनल किती पट धरायचा) या तिन्ही गोष्टी एपीआयने ठरवून लिहायला हव्यात.

या लवचिकपणाची किंमत मेमरीत मोजावी लागते. जुळवलेल्या मांडणीची यादी वेगळ्या जागी साठवलेली असते. सी भाषेत साध्या बरोबरच्या चिन्हाने रचना उतरवून घेतली, तर दोन रचना एकाच यादीकडे बोट दाखवतात, आणि दोघींनी ती मोकळी केली की प्रोग्रॅम कोसळतो. जुन्या मास्कला हा धोका नव्हता, त्यामुळे सवयीने हीच चूक होते. प्रत घेण्याचं आणि मोकळं करण्याचं फंक्शन प्रत्येक वेळी वापरायचं.

चाचणीसाठी एक फाइल कायम जवळ ठेवावी. प्रत्येक चॅनलमध्ये माणसाच्या आवाजात त्याचं नाव: ‘डावा’, ‘मधला’, ‘उजवा सराउंड’. एकावर एक नको, ओळीने. एलएफईमध्ये मात्र नाव बोलून उपयोग नाही, कारण त्याची मजल साधारण १२० हर्ट्झपर्यंतच आणि शब्द कळायला त्याच्या बऱ्याच वरचा आवाज लागतो. तिथे ५० हर्ट्झचा सूर टाकावा. मग फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात नेऊन ऐकावी. मधल्या स्पीकरमधून ‘उजवा’ ऐकू आलं, तर क्रम कुठे फिरला ते शोधायला फार वेळ लागत नाही.