बिदरी मिश्रधातू

जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली, चांदीच्या जडावाची काळी भांडी घडवण्यासाठी वापरली जाणारी मिश्रधातू. नाव बीदर शहरावरून पडले. बीदर आता कर्नाटकात आहे. पण उदगीर, निलंगा व अहमदपूर हे मराठवाड्याचे तालुके 1956 पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. छत्रपती संभाजीनगरातही (औरंगाबाद) हे काम चालते.

कलेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बहमनी काळात, बहुधा 15व्या शतकात, इराणी कारागिरांनी ती आणली अशी परंपरा सांगते. मात्र उपलब्ध जुने नमुने सामान्यतः 17व्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. तारकशी (तारेचा जडाव), तैनिशान (पत्र्याचा जडाव) ही नावे फार्सी असल्याने जडावाची रीत बाहेरून आली असावी. पण इतकी जस्तप्रधान धातू हे दख्खनचेच वैशिष्ट्य दिसते. राजस्थानात जावर येथे जस्त पूर्वीपासून गाळले जात होते, हे ध्यानात घेता मिश्रधातूपुरते देशी मूळ मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मिश्रणात सुमारे 16 भाग जस्ताला 1 भाग तांबे घालतात. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेव्ह यांच्या 1871 च्या मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत तांबे व चांदी पहिल्या गटात, तर जस्त दुसऱ्या गटात मॅग्नेशियमबरोबर होते. आजच्या मांडणीत तांबे व चांदी गट 11 मध्ये, तर जस्त गट 12 मध्ये आहे. जस्ताचे डी-उपकवच (अणूतील इलेक्ट्रॉनांच्या कवचाचा एक भाग) पूर्ण भरलेले असते आणि ते बंधात भाग घेत नाही; म्हणून जस्ताला संक्रमणी मूलद्रव्य (ज्याचे डी-उपकवच अपुरे भरलेले असते असे) न मानणेच बरे. काही पाठ्यपुस्तके तरीही ते संक्रमणी मूलद्रव्यांतच घालतात.

तांबे व जस्त या दोन्ही धातूंत धातुबंध असतो, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन (बंधात भाग घेणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन) साऱ्या स्फटिकात सामाईक. जस्तात तांबे 3 टक्क्यांपेक्षाही कमी विरघळते. उरलेले तांबे जस्ताशी मिळून एप्सिलॉन नावाची वेगळी, कठीण प्रावस्था (वेगळ्या रचनेचा घन भाग) बनवते. मिश्रधातूची रचना अणूंमागील इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणावर ठरते, या ह्यूम-रॉदरी यांच्या नियमाने तिच्यात दर 4 अणूंमागे 7 संयुजा इलेक्ट्रॉन येतात, म्हणजे तांब्याच्या एका अणूमागे जस्ताचे तीन. प्रत्यक्षात ती तांब्याच्या एका अणूमागे जस्ताच्या चार-पाच अणूंच्या जवळ स्थिरावते. साध्या संयुजेच्या हिशेबात बसणारे हे संयुग नव्हे.

ओतलेले भांडे कानसून त्यावर मोरचुदाचे (तांब्याच्या सल्फेटाचे) पाणी फिरवतात. जस्त द्रावणात जाते, तांबे काळसर थर होऊन पृष्ठभागावर बसते आणि त्यावर कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी नवसागर आणि जुन्या किल्ल्यातील खारवट माती यांच्या लेपाने भांडे काळे होते. चांदी जस्तापेक्षा फारच कमी क्रियाशील असल्याने उजळच राहते. मातीच्या गुणाविषयी बऱ्याच अद्भुत गोष्टी सांगितल्या जातात; तिच्यातला सोरा महत्त्वाचा असावा, आणि रंगाच्या गडदपणात तांब्याचाही वाटा दिसतो.

काळा थर अतिशय पातळ असतो. घरी चिंच-लिंबाने घासल्यास तो जातोच, शिवाय आम्ल खालचे जस्तही खाते. म्हणून भांडे नुसते तेलाच्या बोटाने पुसतात.