पोथी, जिल्द आणि जुजबंदी : मराठवाड्यातल्या पुस्तकबांधणीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की बाइंडरने आधी ते कोणत्या बांधणीचं आहे हे ओळखावं लागतं. इथल्या एकाच कपाटात तीन परंपरांची पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात, आणि एकीवरचा इलाज दुसरीचा जीव घेतो.

सगळ्यांत जुनी पोथी. तिला शिलाईच नसते. आडवी सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. मठांत आणि पैठणच्या वाड्यांत पोथ्या अशाच जपल्या गेल्या. नक्कल करणारे शेवटी पोथीच्याच तोंडी विनवणी घालत : मला तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून सांभाळ, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. यातलं बांधणीचं कलम अनुभवातून आलेलं आहे. पानं घट्ट दाबलेली राहिली की त्यांच्यात धूळ आणि कसर सहज शिरत नाही, पावसाळ्यात कागद फुगून वाकत नाही.

कागदही जवळचाच मिळे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली आणि कारागीर दक्षिणेत आले. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचं कागजीपुरा हे हातकागदाचं गाव त्याच घडामोडींशी जोडलं जातं. लगद्याचा ताव वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. असा कागद शतकानुशतकं टिकतो.

दुसरी परंपरा जिल्दसाजांची, म्हणजे जिल्द बांधणाऱ्या कारागिरांची. सुलतानी आणि मोगल काळात, पुढे निजामाच्या अमलात औरंगाबादेत फारसी-अरबी ग्रंथांचा मोठा राबता होता. पाणचक्कीच्या दर्ग्यालाही ग्रंथसंग्रह होता. या जिल्दीत जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेले असतात, पाठ सपाट, पुठ्ठा पानांच्या बरोबरीचा, आणि अनेकदा मागच्या पुठ्ठ्याला जोडलेली चामड्याची झडप पुढच्या कडेवरून आत वळते. अशा जिल्दीवर छापील पुस्तकासारखी गोल पाठ आणि बाहेर येणारे पुठ्ठे चढवले की शिलाईवर ताण येतो. १८८४ नंतर हैदराबाद संस्थानाचा कारभार फारसीऐवजी उर्दूत चालू लागला. मोडी, फारसी, उर्दू अशी सगळी कागदपत्रं दप्तरखान्यांत रुमालांत बांधून राहिली.

तिसरी बांधणी छापखान्याबरोबर आली आणि तिला खरी भरभराट १९४८ नंतर मिळाली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. वाचनालय म्हटलं की बांधणी आलीच. फर्मा, म्हणजे छापलेला मोठा ताव, घडी घालून हाडाच्या पट्टीने दाबायचा, घडीवर टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा आतून बाहेर काढून पाठीवरच्या फितीला वळसा द्यायचा, पुन्हा आत न्यायचा आणि टोकाला मागच्या जुजात अडकवायचा. हीच जुजबंदी. खळ मैद्याची, किडीसाठी तिच्यात चिमूटभर मोरचूद. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नुसत्या गोंदावर चिकटवलेली पाठ कडक होऊन तडकते. शिवलेलं पुस्तक तग धरतं.

हे शिक्षण दुकानातच झालं. पोरगं आधी खळ शिजवायला आणि फर्म्यांच्या घड्या घालायला शिके, कटर हाती यायला वर्षं जात. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली बुक बाइंडर हा व्यवसाय शिकाऊ उमेदवारांसाठी मान्य झाला, पण तो छापखान्याच्या कामाचा. नवं पुस्तक बांधणं आणि जुनं वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मला ही गल्लत फार सलते. मी अशा जिल्दी पाहिल्या आहेत, ज्यांच्या कडा सरळ करताना समासातल्या टिपा कापल्या गेल्या. पोथीला कडेने शिवून रेक्झिन चढवलेलंही पाहिलं आहे. ती आता उघडतच नाही, जोर लावला तर पान मोडतं. सेलोटेपचा पिवळा डाग तर निघता निघत नाही.

२००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झालं आणि हस्तलिखितांच्या जतनाचं प्रशिक्षण देशभर होऊ लागलं. त्यातला मुख्य नियम असा की केलेली दुरुस्ती पुढे कधीही कागद न दुखावता काढता आली पाहिजे. म्हणून गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, लांब धाग्यांचा तलम कागद, जिल्दीला शक्यतो जुन्याच भोकांतून नवा दोरा. पोथीला शिलाई मुळीच नाही. धुतलेल्या, रंग न सुटणाऱ्या सुती कापडाचा नवा रुमाल आणि दोन सरळ फळ्या पुरतात.