मोल्डिंग, भिंत आणि कमिशन : मुंबईच्या चित्रबाजाराची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र ६७.०८ कोटी रुपयांना गेलं. आकडा दोन दिवस सगळीकडे फिरला आणि त्याच्या मागोमाग नेहमीचे दोन प्रश्न आले : एका चित्राला एवढे पैसे कोण देतं, आणि चित्रकाराच्या हाती त्यातलं काय लागतं? दुसऱ्याचं उत्तर एका ओळीत संपतं. गायतोंडे २००१ साली गेले; हयात असते तरी बहुधा काहीच लागलं नसतं. पहिल्यासाठी मात्र बरंच मागे जावं लागतं. लिलावाचा हातोडा हा या धंद्याचा अगदी अलीकडचा भाग आहे. त्याच्या आधी गॅलरी होती, आणि मुंबईत गॅलरीच्याही आधी फ्रेमचं दुकान होतं.

त्याहून आधीच्या काळात चित्रं विकली जात नव्हती असं नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली निघाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रं लागायची, बक्षिसं मिळायची, साहेब लोक, संस्थानिक आणि शेठसावकार थोडीफार खरेदी करायचे. पण त्यावर कोणाचं घर चालत नव्हतं. चित्रकाराची खरी कमाई व्यक्तिचित्रांच्या कामांतून, नाहीतर ड्रॉइंग मास्तरकीतून. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखा नामवंत माणूसही जे. जे.मध्ये शिकवत होता आणि जोडीला पोस्टर, पोस्टकार्डं, पुस्तकांची चित्रं अशी पडतील ती कामं करत होता. सर्वसामान्य घरात भिंतीवर चढायची ती देवादिकांची छापील तसबीर. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या तसबिरी घरोघरी पोचल्या. तसबीर आली की चौकट आलीच. चित्राला गिऱ्हाईक नसलेल्या शहरात फ्रेमला मात्र होतं.

केकू गांधी हे केंब्रिजला शिकणारे पारशी तरुण. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते सुट्टीवर घरी आले होते, परतीचा रस्ता बंद झाला. मुंबईत त्यांची गाठ रॉजर व्हान डाम या बेल्जियन गृहस्थाशी पडली. त्याला फ्रेमच्या पट्ट्यांचं, म्हणजे मोल्डिंगचं तंत्र माहीत होतं. १९४१ साली दोघांच्या ओळखीतून केमोल्ड उभी राहिली. ‘केमिकल मोल्डिंग’चं ते आटोपशीर रूप, पुढे भारतीय आधुनिक कलेशी कायमचं जोडलं गेलेलं हे नाव मुळात कारखान्याचं आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवर दुकान होतं. नमुन्याच्या फ्रेमा रिकाम्या टांगण्यापेक्षा त्यांत चित्रं बसवून दर्शनी काचेत लावलेली बरी, आणि चित्रं तर कृष्णाजी हौळाजी आरा, हुसेन, रझा अशा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या, खिशात दमडी नसलेल्या पोरांकडे ढिगाने होती. अशी त्यांच्या चित्रांना भिंत मिळाली.

गिऱ्हाईक आणलं ते युरोपातून आलेल्या निर्वासितांनी. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाले आणि या पोरांना शिकवू लागले. जर्मनीतून आलेले रुडॉल्फ फॉन लायडन त्याच वर्तमानपत्रात कलासमीक्षा लिहू लागले. इमॅन्युएल श्लेसिंगर हेही व्हिएन्नाचे, औषधांच्या धंद्यातले. ते चित्रं विकत घ्यायचे. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक पैसे मोजणारा. बाजाराला लागणारी तिन्ही माणसं हिटलरने आयती मुंबईला धाडली, असं कोणी म्हटलं तर ते फारसं खोटं नाही. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा त्यांच्यामागे ही मंडळी उभी होती.

१९५२ साली काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी झाली. पैसा सर कावसजी जहांगीरांचा. कृष्ण हेब्बर आणि होमी भाभांनी त्यासाठी पाठ पुरवली होती. इथे एक घोळ निस्तरायला हवा. जहांगीरला सगळे गॅलरी म्हणतात, पण धंद्याच्या अर्थाने ती गॅलरी नाही. ते भाड्याने मिळणारं दालन आहे. अर्ज करायचा, काही वर्षं वाट बघायची, नंबर लागला की एक आठवडा आपला. टेम्पोतून चित्रं आणण्यापासून ती टांगण्यापर्यंत, निमंत्रणपत्रिका वाटण्यापासून दिवसभर खुर्चीवर बसून अभिप्रायाची वही पुढे सरकवण्यापर्यंत सगळं चित्रकाराने स्वतः करायचं. चित्र गेलं तर गेलं. नाही गेलं तर सोमवारी संध्याकाळी पुन्हा टेम्पो. महाराष्ट्रातल्या बहुतेक चित्रकारांची ‘शो लागणे’ ही कल्पना याच आठवड्यात मावते. कोल्हापूर, सांगली, नाशिक, औरंगाबादहून येऊन जहांगीरला शो लावलेली माणसं हजारांनी असतील. त्यांतल्या किती जणांच्या मागे पुढची दहा वर्षं एखादा विक्रेता उभा राहिला? फार थोड्यांच्या.

विक्रेता म्हणजे नुसता विकणारा नव्हे, ही समज रुजायला आणखी दहा वर्षं गेली. बाल छाबडांनी १९५९मध्ये वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये ‘गॅलरी ५९’ काढली. त्याच इमारतीत हुसेन आणि गायतोंडे काम करत. गॅलरी अल्पायुषी ठरली. मग १९६३ साली दोन दालनं जवळपास बरोबरच उघडली. केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली, आणि हुसेन यांच्या आग्रहावरून काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनला पंडोल आर्ट गॅलरी. दिल्लीत धूमीमल हे दालन १९३६मध्येच निघालं होतं, तेही मूळच्या कागद-स्टेशनरीवाल्यांचं. चित्रांचा व्यापार आपल्याकडे असा कडेच्या दुकानांतून आत आला. केमोल्डची गॅलरी खोर्शेदबाई चालवत, आणि फ्रेमच्या धंद्यातला पैसा कितीतरी वर्षं तिला सांभाळत होता. १९६५ साली भूपेन खख्खर, १९८९ साली अतुल दोडिया यांची पहिली प्रदर्शनं तिथे झाली. खाली जहांगीरच्या व्हरांड्यात समोवार नावाचं उपाहारगृह होतं. ते २०१५ साली बंद झालं. तिथल्या चहावर किती सौदे ठरले असतील, त्याची नोंद कुठेच नाही.

नोंद नसणं हा या पिढीचा गुण आणि दोष दोन्ही. सगळा व्यवहार शब्दावर. विकणारा आधी दोस्त, मग व्यापारी. चित्रकाराला अडचण आली की आगाऊ पैसे द्यायचे, चित्र होईल तेव्हा होईल. गायतोंडे वर्षाला पाच-सहा चित्रं करायचे, कधी तेवढीही नाही. अशा माणसाला सांभाळणारा पंडोलांसारखा विक्रेता नसता तर आज कोटींत मोजायला मुळात चित्रं किती उरली असती, याची शंका आहे. बाकीचे नोकऱ्या करत. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात होते. सुधीर पटवर्धन २००५पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून दवाखाना चालवत होते. बाजार कसा होता हे त्यावरून कळावं.

घेणारेही मोजके होते : पारशी घरं, परदेशी कंपन्यांचे साहेब, वकिलातींतली माणसं, एअर इंडिया आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था. भाभांनी आपल्या संस्थेसाठी केलेला संग्रह आजही मुंबईतल्या उत्तम संग्रहांपैकी एक आहे. मराठी मध्यमवर्ग या यादीत जवळपास नाही. नाटकाची तिकिटं, दिवाळी अंक, गाण्याच्या बैठका यांवर खर्च करणाऱ्या या वर्गाने चित्र ही विकत घ्यायची गोष्ट आहे, हे कधी मनावर घेतलं नाही. पैसे नव्हते हे कारण अर्धंच खरं आहे. १९६० साली अकबर पदमसींचं ‘ग्रीक लँडस्केप’ त्यांचे मित्र आणि चित्रकार कृष्ण खन्नांनी एक हजार रुपयांना घेतलं. तेव्हा हजार रुपये ही मोठीच रक्कम होती, पण त्या रकमेचे दागिने मराठी घरांतही होत असत. तेच चित्र २०१६मध्ये १९.१९ कोटींना गेलं.

आता गॅलरीचं पोट कसं भरतं ते पाहू. चित्रं सहसा गॅलरी विकत घेत नाही. चित्रकार ती विक्रीसाठी ठेवायला देतो. विकलं की गॅलरीचं कमिशन कापून उरलेली रक्कम त्याला मिळते. कमिशन साधारण तेहतीस ते पन्नास टक्के. हे ऐकून नवखा चित्रकार दचकतो. समजा, दोन लाखांचं चित्र आहे आणि बोलणं निम्म्याचं आहे. ओळखीच्या संग्राहकाला दहा टक्के सूट द्यावीच लागते, म्हणजे आले एक लाख ऐंशी हजार. सूट दोघांनी वाटून सोसली तर प्रत्येकी नव्वद. त्या नव्वदातून गॅलरीने जागेचं भाडं, दिवे, कॅटलॉग, विमा, वाहतूक आणि उद्घाटनाची संध्याकाळ काढायची. फोर्टमध्ये महिन्याचं भाडं काय पडतं ते ज्याचं त्याने आठवावं. प्रदर्शनातली निम्मी चित्रं लाल टिकलीविना, म्हणजे न विकता राहिली तर गॅलरीचं गणित जमत नाही. जीएसटी वेगळा, तो सप्टेंबर २०२५मध्ये चित्रांवर बारा टक्क्यांवरून पाचवर आला.

पण विक्रेत्याची खरी कसोटी चित्र विकल्यानंतर लागते. कोणतं चित्र कोणाकडे गेलं याची वही ठेवणं, दोन वर्षांत विकून टाकील अशा माणसाला चांगलं चित्र न देणं, संग्रहालयासाठी एखादं राखून ठेवणं, भाव एकदम न चढवणं. एकदा वाढवलेला भाव खाली आणता येत नाही; आणला तर आधी घेतलेले सगळे फसतात.

जुन्या पिढीच्या तोंडी व्यवहारांची किंमत पुढे कशी चुकवावी लागली, ते चित्राच्या पाठीवर दिसतं. जुना कॅनव्हास लिलावाला आला की तज्ज्ञ आधी तो उलटा करतात. मागच्या लाकडी पट्टीवर पिवळा पडलेला, कडा कुरतडलेला कागदी लेबलाचा तुकडा असतो : केमोल्ड फ्रेम्स, प्रिन्सेस स्ट्रीट. फ्रेम कोणी केली एवढंच सांगायला डकवलेली ती चिठ्ठी आज पुरावा म्हणून कॅटलॉगात नोंदली जाते, कारण बिल, पावती, करार यांपैकी काहीच उरलेलं नसतं. हौसेने जुनी फ्रेम काढून नवी बसवणारे लोक तो पुरावा रद्दीत घालतात. कागद नसले की नकला शिरतात. २००९ साली पॅरिसहून आलेल्या रझांना दिल्लीतल्या एका गॅलरीत आपल्याच नावाच्या प्रदर्शनातली चित्रं आपली नाहीत असं सांगावं लागलं. २०११मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून लावलेली चित्रं बनावट निघाली.

लिलाव आले आणि भाव उघड झाले. १९८९ साली सदबीज या परदेशी लिलावसंस्थेने ‘टाइम्स’च्या दीडशे वर्षांनिमित्त चक्क व्हीटी स्थानकात लिलाव केला. नव्वदीत अमेरिकेतल्या चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ या दांपत्याच्या संग्रहातली भारतीय चित्रं न्यूयॉर्कला विकली गेली. २००० साली मुंबईतून सॅफरनआर्टने इंटरनेटवर लिलाव सुरू केले. २००२मध्ये तय्यब मेहतांचं ‘सेलिब्रेशन’ न्यूयॉर्कला दीड कोटीच्या आसपास गेलं, आणि तोवर गॅलरीतल्या कुजबुजीत राहणारा भाव वर्तमानपत्रात छापून आला. मग गुंतवणूकवाले आले, चित्रांचे फंड निघाले. २००८मध्ये बाजार कोसळल्यावर त्यांतल्या काहींना गुंतवणूकदारांचे पैसे परत करताना घाम फुटला. ज्या तरुण चित्रकारांचे भाव तीन वर्षांत दसपट झाले होते, त्यांचे फोन वाजायचे बंद झाले. डिसेंबर २०१३मध्ये ख्रिस्तीज या दुसऱ्या परदेशी लिलावसंस्थेने आपला भारतातला पहिला लिलाव मुंबईत ताजमध्ये केला. त्यात गायतोंडेंचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. गायतोंडेंची चित्रं परदेशी नेता येतात, हेही भावामागचं एक कारण. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांना गिऱ्हाईक देशातच शोधावं लागतं.

फेरविक्रीत चित्रकाराला वाटा मिळावा अशी तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कलम ५३अ. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकार किंवा त्याचे वारस त्यातला हिस्सा मागू शकतात. कमाल दहा टक्के. पण हिस्सा आपोआप मिळत नाही, तो ठरवून घ्यावा लागतो, आणि व्यवहारात हे कलम क्वचितच ऐकू येतं. सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या या छोट्या वर्तुळात कोण कोणावर अर्ज करणार?

केमोल्ड २००७मध्ये प्रेस्कॉट रोडला मोठ्या जागेत गेली. पंडोलांनी स्वतःच लिलाव सुरू केले. कुलाबा-फोर्ट पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत नव्या गॅलऱ्या निघाल्या आणि २०२३पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा मेळा भरतो. तिथे चार दिवसांच्या गाळ्यासाठी गॅलरीला पैसे मोजावे लागतात, तेव्हा गाळ्यात लागतात ती हमखास जाणारी चित्रं. प्रयोगाला वर्षभराची भिंत उरते, तीही भाडं निघालं तर. आता करार लेखी होऊ लागले आहेत : कोणत्या शहरात कोण विकणार, चित्र गेल्यावर किती दिवसांत पैसे द्यायचे, न विकलेली चित्रं कधी परत करायची. नव्या चित्रकाराने सही करण्याआधी दुसरा मुद्दा नीट वाचावा. बहुतेक भांडणं तिथेच होतात.