प्राणवायू गिळणारी भिंत

किशोरांसाठी लिहिलेल्या अवकाश-कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास येतो. शेकडो वर्षांच्या प्रवासाला निघालेलं यान, वरच्या मजल्यावर सत्ताधारी आणि खाली मोजूनमापून हवा मिळणारी माणसं. मग यानातच जन्मलेली एक मुलगी बंड करून प्राणवायूचा नळ ताब्यात घेते. मला या कथा मनापासून आवडतात. पण प्राणवायू जातो कुठे, हा त्यातला सर्वांत थरारक प्रश्न बहुतेक लेखक सोडूनच देतात.

‘भरपूर झाडं लावली की झालं’, हा आपला लाडका समज आहे. माणसाला रोज सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि झाडं तो देतात, हे खरंच. मात्र जितका कार्बन झाडाच्या अंगी लागतो, तितक्याच प्रमाणात प्राणवायू मोकळा होतो. ते झाड खाल्लं, जाळलं किंवा कुजलं की तेवढाच प्राणवायू परत खर्ची पडतो. बंद यानात झाडाच्या खात्यावर शिल्लक अशी उरतच नाही. अमुक झाड रात्रीही प्राणवायू सोडतं, असे संदेश फिरत असतात, तेही खोटेच. झाडाने सोडलेला प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो आणि उजेडाशिवाय ते होत नाही. रात्री प्रत्येक झाड प्राणवायू घेतच असतं.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये दिसलं. सप्टेंबर १९९१मध्ये आठ जण ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंदिस्त संकुलात दोन वर्षांसाठी शिरले. आत शेतं होती, छोटं वर्षावन होतं, समुद्रही होता. पण सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर आला. चार हजार मीटर उंचीवर लागते तशी धाप त्यांना लागू लागली. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

खत घालून कसदार केलेल्या मातीतले जिवाणू तो वापरत होते, हे लवकर कळलं. खरं कोडं पुढेच होतं. श्वसनात प्राणवायूच्या एका रेणूमागे साधारण एक रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे प्राणवायू सात टक्क्यांनी घटला, तर कार्बन डायऑक्साइड तितकाच वाढायला हवा. तो अर्ध्या टक्क्याच्या आतच राहिला! हा वायू शोषणारं यंत्र आत होतं, पण ते जमेस धरूनही हिशेब जुळेना.

उत्तर भिंतींत सापडलं. काँक्रीटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, बनते. रंग न दिलेलं काँक्रीट महिनोन्‌महिने हेच करत होतं. वायू झाडांपर्यंत पोहोचण्याआधीच दगड होत होता आणि त्यातला प्राणवायूही त्यात कायमचा अडकत होता. आतल्या काँक्रीटचे नमुने तपासल्यावर त्यांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बोनेट निघालं. मला हा शोध कुठल्याही रहस्यकथेहून सरस वाटतो.

दरम्यान ते आठ जण उपाशीपोटी चार-चारच्या दोन गटांत फुटले होते आणि एकमेकांशी जेमतेम बोलत होते. त्यासाठी कुणी हुकूमशहा लागला नाही.

यानात काँक्रीट नसेल, पण प्राणवायू गिळणारा, गंजणारा धातू असेल. आणि कुठे असं कार्बोनेट बनलंच, तर त्यातला वायू सोडवायला ते आठ-नऊशे अंश सेल्सियसला भाजावं लागेल आणि मग झाडांना उजेड पुरवावा लागेल. दोन्हींना ऊर्जा हवी. म्हणून कादंबरीतल्या त्या मुलीने नळाआधी हवेच्या रोजच्या नोंदी आणि भट्टीचा ताबा मागावा.