शून्य व्याजालाही गिऱ्हाईक नाही: जपानच्या चलनघटीची (सतत घसरत्या किमतींची) पार्श्वभूमी

सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांनी डॉलर उतरवायचे ठरवले. येन वधारला, जपानी निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना सावरण्यासाठी तिथली मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ जपानने फेब्रुवारी १९८७ पर्यंत व्याजदर ५ वरून २.५ टक्क्यांवर आणला. स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअर बाजारात शिरला. जमीन तारण ठेवून कर्ज काढायचे आणि त्यातून पुन्हा जमीनच घ्यायची! २९ डिसेंबर १९८९ ला टोकियो शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर बंद झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये बँकेचे गव्हर्नर यासुशी मिएनो यांनी दर ६ टक्क्यांवर नेला, तोवर बाजार कोसळू लागला होता.

खरी गोम पुढे आहे. जमिनीचे भाव गडगडले, पण कर्जाचा आकडा जिथल्या तिथे राहिला. धंदा बरा चाललेल्या कंपन्याही नफ्यातून कर्जच फेडत बसल्या. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांनी या अवस्थेला ‘ताळेबंदाची मंदी’ म्हटले. बँका तर बुडीत कर्ज दिसू नये म्हणून त्याच ऋणकोला नवे कर्ज देत होत्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये सान्यो सिक्युरिटीज, होक्काइदो ताकुशोकू बँक आणि यामाइची सिक्युरिटीज एकाच महिन्यात बुडाल्या. ‘दोष आमचा, कर्मचाऱ्यांचा नाही,’ असे सांगताना यामाइचीच्या अध्यक्षांना कॅमेऱ्यासमोर रडू कोसळले. मग इतर बँकांनीही हात आखडता घेतला.

फेब्रुवारी १९९९ मध्ये दर शून्यावर आला. ऑगस्ट २००० मध्ये तो घाईने वाढवला, ही चूकच होती. मार्च २००१ पासून बँकांच्या खात्यांत थेट पैसा ओतणे सुरू झाले. या खात्यांतल्या शिलकीचे ५ लाख कोटी येनांचे लक्ष्य २००४ पर्यंत ३० ते ३५ लाख कोटींवर गेले, पण त्याच काळात बँकांची कर्जे घटत होती. घेणाराच नसेल तर मध्यवर्ती बँक काय करणार?

२०१३ मध्ये बँक ऑफ जपानचे नवे गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी दोन वर्षांत २ टक्के महागाई आणण्याचा विडा उचलला. जानेवारी २०१६ मध्ये दर उणे ०.१ टक्का करायचे ठरले, म्हणजे मध्यवर्ती बँकेत जादा पैसा ठेवणाऱ्या बँकांनाच व्याज भरावे लागणार होते, तरी महागाई आली नाही. त्याच वर्षी ‘गारीगारी-कुन’ ही आइसकांडी २५ वर्षांनी ६० ची ७० येनला झाली, तेव्हा कंपनीच्या माणसांनी जाहिरातीत वाकून माफी मागितली. दहा येनांसाठी! भाव वाढणारच नाहीत हे लोकांच्या अंगवळणी पडले होते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कर्जावरील ०.१ टक्का व्याजाचे आपल्याकडे अप्रूप वाटले, पण २०१७ मध्ये तिचे भूमिपूजन झाले तेव्हा टोकियोत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दरही शून्याच्या आसपासच ठेवलेला होता.

महागाई आली ती २०२२ मध्ये, महागलेले इंधन आणि घसरलेला येन यांच्या पाठीवरून. मार्च २०२४ मध्ये कुरोदा यांच्यानंतरचे गव्हर्नर काझुओ उएदा यांनी उणे दर संपवला.