माडाचा कोंब आणि गोठवणारी थंडी

जानेवारीत ठाण्याचे पहाटेचे तापमान १५-१६ अंशांवर आले की आपण कपाटातले स्वेटर काढतो; सोसायटीच्या आवारातला माड मात्र निवांत असतो. हाच माड बर्फ पडणाऱ्या मुलखात उघड्यावर लावला तर पहिला हिवाळाही काढत नाही. तरीही तिकडचे हौशी बागाईतदार नाजूक पामवृक्ष अंगणात जगवायचा खटाटोप करतात, आणि त्यामागचे शास्त्र आपल्या माडालाही लागू पडते.

आंब्याची फांदी तोडली तर शेजारून नवे धुमारे फुटतात. माडाला ती सोय नाही. त्याची सारी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. झावळ्यांच्या देठांनी वेढलेला तो कोंब मेला की उभा माड गेला. शिवाय पामच्या खोडात दरवर्षी नवे लाकूड तयार होत नसल्याने पाणी वाहून नेणाऱ्या जुन्याच नलिका त्याला जन्मभर पुरवाव्या लागतात. त्या गोठून आत हवेचे बुडबुडे अडकले, तर बदली नलिका मिळत नाहीत.

थंडीचा मार दुहेरी असतो. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींची पातळ आवरणे (पटले) पाणी गोठण्याच्या बरीच आधी, शून्याच्या वरच्या तापमानातही ताठर होऊन निकामी होऊ लागतात. शून्याखाली गेल्यावर पेशींच्या बाहेर बर्फ जमतो, तो आतले पाणी ओढून घेतो आणि पेशी अक्षरशः सुकून मरतात.

म्हणून तिथले जाणकार झावळ्यांची फारशी काळजी करत नाहीत, त्या पुन्हा येतात. झावळ्या वर गोळा करून बांधायच्या, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा, शेंड्याभोवती जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या दिव्यांची माळ गुंडाळून वर गोणपाट लपेटायचे, अशी त्यांची रीत. (एलईडीची माळ इथे जवळजवळ निरुपयोगी, वीज वाचवणारा दिवा ऊब कुठून देणार?) वर छप्परही हवे, कारण कोंबात साचलेले पाणी गोठले की तिथूनच कूज सुरू होते. ऊन पडले की गुंडाळी सैल करून वारा द्यावा लागतो.

सगळेच पाम मात्र इतके नाजूक नसतात. चीनमधला ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय उणे १० अंशांची थंडी सोसतो आणि स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो भागात तर रानोमाळ पसरला आहे. त्याचाच भाऊबंद ट्रॅकिकार्पस ताकिल आपल्या कुमाऊँच्या डोंगरांत बर्फ अंगावर घेत वाढतो.

हिवाळा सरला की तिकडे एक परीक्षा होते: मधली न उलगडलेली पात हलकेच ओढून पाहायची. आमच्या आवारातल्या माडावर गेल्या ऑगस्टमध्ये चढलेल्या पाडेल्याने हेच केले. पात सहज हातात आली, तिचा बुडखा तपकिरी, लिबलिबीत आणि उग्र वासाचा होता. इथे थंडी नव्हती. पावसाळी ओलीत फोफावणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने कोंब कुजवला होता. कुजका भाग खरवडून त्याने मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण शेंड्यात लावले. गारठलेल्या पामच्या शेंड्यातही तिकडे तांब्याचेच औषध ओततात.