पंचगंगेची निळी आणि लाल रेषा : पार्श्वभूमी

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 मध्ये, 56 च्या पुढे. तेव्हापासून पूररेषेचा, म्हणजे नदीकाठी कुठपर्यंत बांधकामाला बंदी किंवा अटी हे ठरवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषांचा, वाद थांबलेला नाही. मात्र तो समजून घ्यायचा तर आधी जमीन बघावी लागते.

सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटल्यासारखा कोकणात उतरतो, तर पूर्वेला उतार मंद आहे. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचं पाणी जवळचा अरबी समुद्र सोडून थेट बंगालच्या उपसागराची वाट धरतं. वरचे जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, पावसाचं पाणी जिरवून झऱ्यांतून हळूहळू सोडतात. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, शहरात हजाराच्या आसपास आणि नदीच्या खालच्या टोकाला शिरोळ भागात त्याच्या निम्मा. म्हणून शिरोळमध्ये ऊन पडलेलं असतं आणि पूर चढत असतो.

प्रयाग चिखलीला वरच्या नद्या एकत्र होऊन पंचगंगा बनते. तिथून नृसिंहवाडीपर्यंत साधारण 80 किलोमीटर पंचगंगा जवळजवळ सपाटीवरून वळणं घेत जाते. तिथे ती कृष्णेला मिळते; कृष्णा भरलेली असली की हिचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. पाणी थांबलं की गाळ बसतो. नदीकाठची मळीची जमीन अशीच तयार झाली; ज्या उसावर तालुके उभे राहिले, त्याची मातीसुद्धा पुरानेच आणून टाकलेली आहे. नृसिंहवाडीला देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला गर्दी करतात. इतका पूर तिथे नित्याचा आहे.

जुनी वस्ती मात्र उंचवटा धरून होती. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सातवाहन काळातलं गाव सापडलं, त्यात ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्तीही निघाली. रेल्वे आली 1891 ला आणि शाहूपुरीची पेठ वसली 1895 ला. पुढे शहर जयंती नाल्याच्या दोन्ही अंगांना पसरत गेलं. नदी तुंबली की नालाही मागे तुंबतो आणि नदी दिसतही नाही अशा गल्लीत पाणी येतं.

आता रेषा. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, तिच्या आत नवं बांधकाम नको. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम चालतं. सगळा घोटाळा या ‘एकदा’मध्ये आहे. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की 2005 ला पूर येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. हिशेब तसा नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता साधारण 26 टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा 70 च्या वर जातो. फ्लॅट विकताना हे कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण अशी की ही टक्केवारी मागच्या नोंदींवरून काढतात. 2019 आणि 2021 ची भर पडली की रेषा वर सरकणारच, आणि सरकली की आधी परवानगी मिळालेल्या इमारती तिच्या आत येतात. म्हणून ‘रेषा चुकीची आहे’ ही तक्रार बिल्डरही करतो आणि पूरग्रस्तही. दोघांना रेषा मात्र उलट दिशेला हलवून हवी असते.

मधल्या पट्ट्यातली मुख्य अट जोतं उंच घेण्याची आहे. जोतं उंच करायचं म्हणजे बहुतेक वेळा भराव टाकायचा. आणि भरावाने जेवढी जागा व्यापली, तेवढं पाणी शेजारच्या सखल गल्लीत जाणार. एका इमारतीने फरक पडत नाही, शंभर इमारतींनी पडतो. परवानगी मात्र एकेका इमारतीला स्वतंत्र मिळते. पुलाची शिरोलीजवळ महामार्गाच्या उंच भरावाबद्दलही हाच आक्षेप आहे.

या सगळ्यापेक्षा चर्चा जास्त होते ती अलमट्टीची, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाची. तिथली पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत न्यायला कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये मान्यता दिली आणि त्याचा फुगवटा मागे येईल अशी इथे धास्ती वाढली. 2019 नंतर राज्याने नेमलेल्या समितीने पुराचं कारण अलमट्टी नसल्याचं म्हटलं. ते इथे अनेकांना पटलेलं नाही. खालच्या धरणाचा प्रश्न खरा आहे, पण तो कर्नाटकाच्या दारात नेऊन ठेवला की आपल्या भरावाबद्दल बोलावं लागत नाही, हीही सोय आहे.

चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा दिलेल्या आहेत. तरी बरीच घरं अजून खालीच नांदती आहेत, कारण गोठा आणि मळीची शेती तिथेच आहे. पाणी चढू लागलं की जनावरं घेऊन वर जायचं आणि ओसरलं की परत यायचं, हे तिथलं दर पावसाळ्याचं नियोजन आहे.